विजेच्या घड्याळाचा धनी

अमरावतीच्या एखाद्या घरीं अमेरिकेंत राहणारा मुलगा सुटीवर येतो आणि येतांना आपल्या उशाजवळचें विजेचें घड्याळ आईबापांसाठीं घेऊन येतो. तिकडील वीज १२० व्होल्टची, इकडील २३० व्होल्टची, हें त्याला ठाऊक असतें; म्हणून दाब उतरविणारा एक लहानसा ट्रान्सफॉर्मरहि तो बरोबर आणतो. घड्याळ लावलें जातें, दिवा उजळतो, कांटे सरकूं लागतात. परंतु सकाळीं सातला बरोबर लावलेलें घड्याळ आठ वाजतां पाहावें तों सात वाजून पन्नासच मिनिटें झालेलीं! दुपारीं एक वाजतां तें बारा दाखवितें. घड्याळजीकडे नेल्यास तो उघडून पाहतो आणि आंत कांहीं बिघाड नाहीं असें सांगतो. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें असतें. बिघडलेलें घड्याळ कधीं धांवतें, कधीं रेंगाळतें. दर तासाला बरोबर दहा मिनिटें मागें पडण्याइतकें तें शिस्तीचें नसतें.

ह्या कोड्याचा उलगडा घड्याळांत नसून भिंतींतल्या तारेंत आहे. लंबकाच्या घड्याळाला स्वतःचा लंबक असतो. किल्लीच्या मनगटी घड्याळांत केसासारख्या बारीक कमानीवर डुलणारें चाक असतें. वेळ मोजण्याचें माप अशा घड्याळांच्या पोटांतच असतें. विजेच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या घड्याळाच्या पोटांत मात्र असें कोणतेंच माप नाहीं. तेथें असते एक चिमुकली मोटार आणि तिची गति कमी करीत नेणारी दांतेरी चाकांची माळ. घरांत येणारी वीज एकाच दिशेनें वाहत नसते. भारतांत ती सेकंदाला पन्नास वेळां पुढें जाऊन मागें येते. अशा एका येरझारेस आवर्तन म्हणतात आणि सेकंदांत होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येस वारंवारता. घड्याळांतील मोटार ह्या आवर्तनांच्या पावलावर पाऊल टाकून फिरते. तिच्या चकतीवर तीस चुंबकीय ध्रुव असले तर पन्नास आवर्तनांच्या विजेवर ती मिनिटाला बरोबर दोनशें फेरे घेते. एक अधिक नाहीं कीं एक उणा नाहीं. अमेरिकेंतील वीज साठ आवर्तनांची. साठ आवर्तनें झालीं म्हणजे एक सेकंद झाला, एवढेंच शिकून आलेलें तें घड्याळ अमरावतीस साठ आवर्तनें मोजावयास १.२ सेकंद घेतें आणि तासाचीं पन्नास मिनिटें करितें. ट्रान्सफॉर्मरनें विजेचा दाब बदलला. तिची पावलें बदललीं नाहींत.

पूर्वीं देवळांत किंवा वाड्यांत घटिकापात्र असे. पात्र बुडालें कीं टोला पडे. तो टोला ऐकून अंगणांतल्या पोरानें भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढावी, तसें हें घड्याळ रेघा ओढीत असतें. टोले देणारा डुलक्या घेऊं लागला तर रेघा चुकतील. पण त्यांत पोराचा दोष काय? विजेच्या घड्याळाविषयीं कोणतीहि तक्रार करण्यापूर्वीं टोले कोण देतो, त्याचा धनी कोण, हें पाहिलें पाहिजे.

घड्याळाला धनी असणें ही गोष्ट तशी नवी नव्हे. एके काळीं प्रत्येक गांवचा धनी त्या गांवचा सूर्य होता. अमरावती अकोल्याच्या पूर्वेस सुमारें पाऊण रेखांश आहे. त्यामुळें अमरावतीचा मध्यान्ह अकोल्याच्या मध्यान्हापूर्वीं सुमारें तीन मिनिटें होतो. दोन्ही गांवांनीं आपापल्या सूर्यावर घड्याळें लावलीं तर त्यांत सदैव तीन मिनिटांचें अंतर राहील, आणि दोघेंहि खरींच असतील. बैलगाडीच्या प्रवासाला त्यानें कांहींच बिघडत नव्हतें. आगगाडी आली आणि हीं तीन मिनिटें अडचणीचीं झालीं. रेल्वेनें मद्रासची वेळ धरली. ती अमरावतीच्या सूर्याच्या सुमारें दहा मिनिटें पुढें होती आणि अकोल्याच्या सुमारें तेरा. पुढें १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐशीं अंश पूर्व रेखांशाची वेळ ही हिंदुस्थानची प्रमाण वेळ ठरली. तेव्हांपासून सरासरीनें पाहतां अमरावतीचा सूर्य घड्याळाच्या एकोणीस मिनिटें आणि अकोल्याचा बावीस मिनिटें मागें आहे. मुंबई शहरानें ही नवी वेळ सहजासहजीं पत्करली नाहीं. एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली आपली मुंबई वेळ तेथें १९५५ पर्यंत पाळली जात होती. वेळेचा धनी बदलणें लोकांना किती जड जातें, ह्याचा हा चांगला दाखला होय.

विजेच्या घड्याळाला वीजघर हा धनी मिळवून दिला तो हेन्री वॉरन ह्या अमेरिकन यंत्रज्ञानें. आवर्तनांच्या पावलांवर चालणारी मोटार त्यानें तयार केली. परंतु वीजघरांतील जनित्राचा वेगच जर अनिश्चित, तर अशा घड्याळाचा उपयोग काय? म्हणून त्यानें वीजघरासाठीं एक निराळेंच घड्याळ बनविलें. त्यांतील एक कांटा लंबकावर चाले व दुसरा वीजघराच्याच विजेवर. दोन कांटे एकमेकांवर राहतील अशा बेतानें वाफ कमी-जास्त करावयाची, एवढेंच काम तेथील माणसाकडे आलें. १९१६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन शहराच्या वीजघरांत हें घड्याळ बसलें. एका लंबकाची वेळ तारांवाटे हजारों घरांत जाऊं लागली, आणि घरांतल्या घड्याळाला किल्लीहि नको नि लंबकहि नको, असें झालें.

वऱ्हाडांत ह्या धन्याचें दर्शन घ्यावयाचें तर अकोला जिल्ह्यांत पारसला जावें. तेथील औष्णिक वीजकेंद्रांत प्रत्येकीं २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. संचाचा अजस्र फिरता भाग मिनिटाला तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास, फेरे घेतो. एका फेऱ्यास एक आवर्तन. पारसच्या त्या शेंकडों मणांच्या लोखंडानें एक फेरा घेतला कीं अमरावतीच्या दिवाणखान्यांतील, बोटाच्या पेराएवढ्या मोटारीच्या चकतीनेंहि आपलें ठरलेलें पाऊल टाकलेलें असतें. मधें गाडीचा आंस नाहीं, पट्टा नाहीं. केवळ तारा आहेत. आणि पारस एकटें नाहीं. ३१ डिसेंबर १९१३ हें साल नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ३१ डिसेंबर २०१३ रोजीं, दक्षिणेकडील वीजजाळें उर्वरित देशाच्या जाळ्याशीं जोडलें गेलें. तेव्हांपासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं त्या जाळ्यांतील सर्व जनित्रें एकाच तालावर फिरत आहेत. एकाच जुवाला जुंपलेल्या शेंकडों बैलांपैकीं कोणालाहि एकट्यानें पुढें पळतां येत नाहीं, तशीच ही स्थिति आहे.

परंतु जूं जड झालें कीं सगळेच बैल मंदावतात. लोकांनीं वापरलेली वीज उत्पन्न होणाऱ्या विजेहून वाढली कीं सगळ्या जनित्रांचा वेग किंचित् उतरतो; मागणी एकदम घटली कीं तो चढतो. शेतांवरील पंप सुरू झाले, संध्याकाळीं दिवे लागले, उन्हाळ्यांत कूलर फिरूं लागले, कीं धन्याच्या पावलांत त्याचा परिणाम उमटतो. २००२ पूर्वीं पश्चिम भारताच्या जाळ्यांत वारंवारता ४९ च्या खालीं उतरणें किंवा रात्रीं ५१ च्या आसपास चढणें हें नवलाचें राहिलें नव्हतें. ४९ ह्या आंकड्यांत सामान्य माणसाला कांहीं भयंकर दिसत नाहीं. पन्नासांत एक उणा, एवढेंच. पण घड्याळाच्या भाषेंत तो दर शंभर मिनिटांस दोन मिनिटांचा तोटा आहे. दिवसभर वारंवारता ४९ राहिली तर घड्याळ अठ्ठावीस मिनिटें अठ्ठेचाळीस सेकंद मागें पडेल. बडनेऱ्याची गाडी चुकवावयास तेवढें पुरे.

जुलै २००२ पासून पश्चिम विभागांत नवी दरपद्धति आली. वारंवारता उतरली असतां ठरल्याहून अधिक वीज ओढणाऱ्यास ती महाग पडूं लागली, आणि जें काम ताकिदींनीं होत नव्हतें तें हिशेबानें होऊं लागलें. २०१४ पासून वारंवारतेसाठीं ४९.९० ते ५०.०५ असा अरुंद पट्टा आंखून दिलेला आहे. वीज वाहून नेणाऱ्यांच्या दृष्टीनें ही मोठीच सुधारणा होय. घड्याळाच्या दृष्टीनें मात्र हा पट्टा अजूनहि ऐसपैस आहे. त्याच्या खालच्या कडेवर एक दिवस काढला तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटें मागें जाईल. वरच्या कडेवर काढला तर सुमारें दीड मिनिट पुढें. प्रत्यक्षांत वारंवारता खालींवर होत राहते आणि चुका बऱ्याच अंशीं एकमेकींस खातात. पण उरलेली शिल्लक कोणत्या बाजूची असेल हें घरबसल्या सांगतां येत नाहीं. म्हणून गेल्या महिन्यांत बरोबर चाललेलें घड्याळ ह्या महिन्यांत चार मिनिटें चुकतें, आणि घरचीं माणसें घड्याळाला दोष देतात.

हें दुखणें भारतापुरतेंच आहे असेंहि नव्हे. पश्चिम युरोपांत ही शिल्लक मुद्दाम फेडण्याची चाल आहे. साठलेली चूक वीस सेकंदांहून वाढली कीं वारंवारता ५०.०१ किंवा ४९.९९ ठेवून ती हळूहळू भरून काढतात. तरीहि २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत तेथील विजेचीं घड्याळें सुमारें सहा मिनिटें मागें पडलीं. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यांतील वादामुळें जाळ्यांत जेवढी वीज पडावयास हवी होती तेवढी पडली नाहीं. ह्या काळांत सरासरी वारंवारता ४९.९९६ होती. दहा हजारांत एकाहूनहि कमी अशी ती तूट. पण ती सात आठवडे रोज थेंबथेंब साचली, आणि पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत स्वयंपाकघरांतील चुलींवरचीं घड्याळें उशिरा वाजूं लागलीं.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. दिवा मंद झाला, पंखा रेंगाळला, कीं घड्याळहि रेंगाळत असेल असें लोकांस वाटतें व ते त्याला स्टॅबिलायझर लावतात. दिवा मंदावतो तो दाब उतरल्यामुळें. घड्याळाला दाबाशीं कर्तव्य नाहीं. दाब फारच उतरला तर मोटार पाऊल चुकून थांबेल, परंतु फिरत आहे तोंवर ती आवर्तनांशीं इमान राखील. स्टॅबिलायझर दाब सांवरतो. आवर्तनें जशीं येतात तशींच तो पुढें पाठवितो. त्यावरील खर्च व्यर्थ होय.

घरांतील इन्व्हर्टर हें प्रकरण याहून नाजूक आहे. वीज गेली कीं तो बॅटरीवरून स्वतः आवर्तनें तयार करूं लागतो. म्हणजे तेवढ्या वेळापुरता घड्याळाचा धनी पारस नव्हे, तर जिन्याखालीं ठेवलेली ती पेटी! एखाद्या स्वस्त पेटीचीं आवर्तनें ५१ असलीं तर सहा तासांत घड्याळ सात मिनिटांहून अधिक पुढें जातें. शिवाय कित्येक इन्व्हर्टरांच्या विजेची लाट गुळगुळीत नसून पायऱ्यांसारखी असते. आंकडे दाखविणारीं घड्याळें लाट शून्यावरून किती वेळां गेली तें मोजतात. लाट खडबडीत असली तर एका लाटेच्या दोन लाटा मोजल्या जातात आणि घड्याळ वाटेल तसें धांवतें. भारनियमनाच्या वर्षांत वऱ्हाडांतील पुष्कळ चांगलीं घड्याळें ह्याच कारणानें माळ्यावर गेलीं.

माळ्यावरून तीं उतरतात तेव्हां बहुधा एक उपाय सुचविला जातो: आंतली मोटार व चाकें काढून टाकावीं आणि त्या जागीं बॅटरीवर चालणारें क्वार्ट्झचें यंत्र बसवावें. तबकडी तीच, कांटे तेच, वेळहि बरी. हा उपाय स्वस्त खरा, पण तो औषध नव्हे. रोग्याच्या जागीं दुसराच माणूस आणून निजविण्यासारखा तो प्रकार आहे. त्या जुन्या घड्याळाचें वैशिष्ट्य म्हणजे न थबकतां, टिकटिक न करितां, तेल सांडावें तसा संथ सरकणारा सेकंदकांटा. तोच त्यांत नाहींसा होतो. आणि मिळणारें यंत्रहि अगदीं निर्दोष नसतें. त्यांतील चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनें करितो. पंधरा वेळां निम्मे केलें कीं एक सेकंद मिळतो. ह्या स्फटिकाला सुमारें पंचवीस अंश उष्णता मानवते. त्याहून उष्णता वाढली तरी तो मंदावतो आणि कमी झाली तरीहि मंदावतो. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. तशा उष्णतेंत हें यंत्र दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागें पडतें. हिवाळ्यांत पहाटे पारा दहावर आला तरी तें मागेंच पडतें. वऱ्हाडच्या हवेंत त्याला पुढें जाण्याची संधि अशी जवळजवळ नाहींच.

खरा उपाय घड्याळाला हात न लावण्याचा आहे. घड्याळ मोजणी बिनचूक करितें. तर मोजण्यासाठीं त्याला बिनचूक आवर्तनें द्यावीं. जुन्या घड्याळाला दोन-तीन वॅट वीज लागते, म्हणजे अगदीं लहान दिव्याइतकी. तेवढ्यापुरतें एक स्वतंत्र वीजघर एका पेटींत मावतें. पेटींत सेकंदाला ३२,७६,८०० कंपनें करणारा स्फटिक बसवावा. हा आंकडा विचित्र दिसतो, परंतु तो सोळा वेळां निम्मा केला असतां बरोबर ५० उरतात. निम्मे करण्याचें काम एक लहानशी चकती, ज्यास चिप म्हणतात, ती करिते. मिळालेल्या क्षीण आवर्तनांना गुळगुळीत लाटेचें रूप द्यावें, अँप्लिफायरनें त्यांत जोर भरावा आणि ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून दाब घड्याळावर लिहिला असेल तेवढा चढवावा. हा स्फटिक निराळ्या रीतीनें कापलेला असल्यानें त्यास उन्हाळा तितका बाधत नाहीं. त्यावर दहा लाखांत तीस एवढी चूक लिहिलेली असली तर दिवसाला अडीच सेकंदांचा फरक पडेल. पण ती चूक एका बाजूची असते आणि बारीक स्क्रू फिरवून पुष्कळशी काढतां येते. दहा दिवसांत घड्याळ किती सेकंद पुढें गेलें तें टिपावें, स्क्रू किंचित् फिरवावा, पुनः दहा दिवस पाहावें. घाई करणाऱ्याचें हें काम नव्हे. उष्णतेचा परिणाम स्वतःच भरून काढणारे स्फटिकहि मिळतात. त्यांची चूक वर्षाला सुमारें एक मिनिटाच्या आंत राहते.

याहून चोख धनी हवा असेल तर तो आकाशांत आहे. मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांवर आण्विक घड्याळें असतात. भारताच्या नाविक मालिकेंतील २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या एन्.व्ही.एस्.-०१ ह्या उपग्रहावर स्वदेशांत तयार झालेलें रुबिडियमचें घड्याळ आहे. उपग्रहांचे संदेश ऐकणारें लहान ग्राहकयंत्र सेकंदाला एक अतिशय नेमका ठोका देतें, आणि त्या ठोक्यावर पेटींतील स्फटिकाला सतत ताळ्यावर ठेवतां येतें. मग चूक साठतच नाहीं. अट एकच: ग्राहकयंत्राच्या एरियलला आकाश दिसलें पाहिजे. पत्र्याच्या छपराखालीं किंवा जाड स्लॅबच्या घरांत तें खिडकीशीं किंवा गच्चीवर न्यावें लागतें. दिवाणखान्यांतल्या एका भिंतीवरील घड्याळासाठीं हा थाट जरा अधिकच होय. पण ज्याच्या घरीं अशीं पांच-सहा घड्याळें आहेत, किंवा ज्या शाळेंत एकाच तारेवर सर्व वर्गांचीं घड्याळें चालतात, तेथें तो शोभेल.

पेटी बॅटरीवर चालवितां येते, हा तिचा आणखी एक गुण. बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची लहान बॅटरी एका घड्याळाला दहा-बारा तास सहज पुरते. वीज गेल्याची खबरहि घड्याळाला लागत नाहीं. अमेरिकेंतून आलेल्या घड्याळालाहि हेंच औषध लागू पडतें. फक्त स्फटिक ३९,३२,१६० कंपनांचा घ्यावयाचा, म्हणजे सोळा वेळां निम्मे करून साठ उरतात, आणि दाब १२० व्होल्ट ठेवावयाचा. आंकड्यांच्या कांहीं घड्याळांत मात्र पन्नास-साठ बदलण्याची सोय आंतच केलेली असते. पेटीचा विचार करण्यापूर्वीं ती आहे कीं काय हें जाणत्याकडून पाहून घ्यावें.

जुनें घड्याळ तारेला लावण्यापूर्वीं त्याची तपासणीहि झाली पाहिजे. पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेल्या तारेवरील रबर वाळून तडकलेलें असतें, आणि पेटी धातूची असली तर तिला हात लावणाराच मधली तार होतो. तार नवी घालावी, धातूच्या पेटीला अर्थिंग द्यावें, आणि चाकांच्या टोकांवरील तेल वाळलें असेल तर तें पुसून अगदीं थेंबभर नवें द्यावें. पेटींतून घड्याळाकडे जाणारी वीज घरांतल्या विजेइतकीच धक्का देणारी आहे, हेंहि विसरूं नये.

आतां वेळ लावण्याविषयीं. आवर्तनें कितीहि चोख असलीं तरी आरंभ चुकला तर तीच चूक अखेरपर्यंत टिकते. देशाची प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील आण्विक घड्याळांवर राखली जाते, आणि संगणकाच्या जाळ्यावरून ती मिळते. तीवर लावलेला संगणक किंवा मोबाइल घड्याळ लावावयास पुरेसा आहे. रेडिओच्या बातम्यांपूर्वींच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची वऱ्हाडांतील घरांना जुनी संवय. परंतु तोच कार्यक्रम मोबाइलवर ऐकला तर तो वाटेंत कित्येक सेकंद रेंगाळून येतो, म्हणून तेथील ठोका वेळेचा नव्हे. जुन्या घड्याळांपैकीं कांहींची मोटार आपण होऊन सुरू होत नाहीं. मागची खुंटी बोटानें फिरवून तिला पहिलें पाऊल टाकावयास लावावें लागतें. लोक हा दोष मानतात. वास्तविक असें घड्याळ वीज गेल्यावर थांबतें तें थांबतेंच, आणि वीज केव्हां गेली तें बिनचूक सांगतें. आपण होऊन सुरू होणारें घड्याळ मात्र वीज आल्यावर चुकीची वेळ निर्धास्तपणें दाखवीत राहतें. आणि लावावयासहि तेंच सोपें. कांटे येणाऱ्या पुऱ्या मिनिटावर आणावे, सेकंदकांटा बारावर ठेवावा, खुंटीवर बोट ठेवून मोबाइलवरील सेकंद पाहत राहावें, आणि साठावा पुरा होतांच खुंटीला हलकीच टिचकी द्यावी.